डांबर नको, खडीच!

२ मार्च, मंगळवार

डांबर! हा माणूस डांबर टाकणार आहे!

आज कौन्सिलची बैठक. जुन्या रेल्वेमार्गावरची झुडपं तोडून सायकलींसाठी वाट करायची हे गेल्या वर्षीच ठरलं होतं. रूळ आमच्या लहानपणीच उचलून नेले. खाली खडी, दोन्ही बाजूंना ओक, एकही गाडी नाही — आयती वाट! आणि आज आमचा मेयर रोलां छाती पुढे काढून उठतो नि म्हणतो, "मंडळी, साधी वाट करायला आपण काय भिकारी आहोत? आपण डांबर टाकणार!" टाळ्या. मारीझ तर उभीच राहिली. तिचं कॅफे जुन्या स्टेशनात, तिला आत्तापासूनच गिऱ्हाइकं दिसायला लागली.

"ब्युसीवाल्यांकडे नुसती खडी आहे," रोलां म्हणाला. हं, म्हणजे पोटातलं ओठावर आलं. शेजारच्या गावाचं नाक कापायचंय!

मी म्हटलं, "डांबर टाकलंस की गाड्या शिरतील. मोठ्या रस्त्याचं अख्खं वळण वाचतंय."

"बोर्ड लावू, जोझियान."

बोर्ड! दुधाच्या टँकरवाल्याने कधी बोर्ड वाचलाय?

घरी नवऱ्याला, रेमोंला, काही सांगितलं नाही.

६ मार्च, शनिवार

रेमोंने आज पुन्हा साखळीला तेल दिलं. हवा भरली. सायकल फाटकापर्यंत नेली, रस्त्याकडे पाहिलं, परत आणली.

"वारा आहे," म्हणाला. वारा कसला! माझं धुणं काठीसारखं सरळ लोंबत होतं.

तीन वर्षं झाली. टँकरने त्याला मोठ्या रस्त्यावरून चरात उडवलं. पाय जुळला, डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहे. पण मनातलं काही जुळलं नाही. हाच तो माणूस — लग्नाआधी टेकडी ओलांडून सायकलवर मला भेटायला यायचा आणि घामाने निथळत दारातच मुका मागायचा!

पर्यटन-बिर्यटन खड्ड्यात गेलं. मला ती वाट नवऱ्यासाठी हवी आहे. जिथे मागून गाडीचा आवाज येणार नाही अशी वाट मिळाली, तर तो बसेल सायकलवर. बसेलच. कौन्सिलमध्ये हे बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

१४ मार्च, रविवार

बाजारात रोलांला गाठलं. चीज घेत होता.

"अरे, सायकलवाल्यांना खडीच आवडते. जाड टायरच्या सायकली घेऊन मुद्दाम खडी शोधत फिरतात ते."

"काहीतरीच! पाहुण्यांना खडीवरून आणायचं? मी गावाला सोनं देतोय आणि तू माती मागतेस!"

चीजवाली फिदीफिदी हसली. त्याला राग आला नाही, वाईट वाटलं. तेच जास्त अवघड आहे. माणूस लबाड असता तर भांडले असते. हा मनापासून चुकतोय.

२३ मार्च, मंगळवार

कौन्सिलवाल्यांच्या घरोघरी फिरले. प्रत्येक स्वयंपाकघरात कॉफी, आणि प्रत्येक जण माझ्या बाजूचा. "अगदी बरोबर बोलतेस गं!" पण मत हात वर करून द्यायचं आहे, रोलांच्या डोळ्यांदेखत. तेव्हा हेच सगळे हात त्याच्यासाठी वर जाणार. जन्म गेला माझा इथे, मी ओळखते या हातांना.

आता महिनाभर कॉफीचं नावही नको.

२ एप्रिल, शुक्रवार

कचेरीच्या भिंतीवर नकाशा लावलाय. डांबराचा काळा पट्टा कुठून कुठवर जातो ते नीट पाहिलं. दोनदा पाहिलं. मग बाहेर येऊन एकटीच हसले.

नकाशा काय सगळ्यांनीच पाहिलाय. पण आमच्याकडे पुरुषमाणूस नकाशा बघतो तो स्वतःचं घर शोधायला. ते सापडलं की बघणं संपलं.

८ एप्रिल, गुरुवार

काय मजा आली! हात अजून चुन्याने पांढरे आहेत.

स्टेशनापुढचं बारीक खडीचं पटांगण म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांचं देऊळ. संध्याकाळ झाली की सगळे तिथे लोखंडी गोळे घेऊन हजर. लाकडी गोळीच्या जवळ कोणाचा गोळा पडला यावरून भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो. संघाचा कप्तान कोण? रोलां!

आज खेळ ऐन रंगात असताना मी फुटबॉलच्या मैदानावर रेघा मारायची चुन्याची गाडी ढकलत आले आणि पटांगणाच्या मधोमध एक रेघ ओढली. मग पाच पावलांवर दुसरी.

म्हाताऱ्या लुसियेंचा नेम लागला होता, हात तसाच हवेत. "अगं बाई, डोकं फिरलं का तुझं?"

"माझं नाही. नकाशात बघा, उद्या मंजूर झालं की डांबर इथून इथवर येणार. आत्ताच बघून घ्या, म्हणजे सवय होईल."

लुसियेंने हातातला गोळा मारीझच्या दारापुढच्या फरशीवर टाकून दाखवला. ठाण्! उसळून थेट खुर्च्यांखाली गेला. डांबरावर हेच होणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागलं नाही.

"रोलां!" सगळे एकदम ओरडले.

रोलां लाल झाला. "बरं, बरं! डांबर पटांगणाच्या अलीकडे थांबवू."

"जरूर थांबव," मी म्हटलं. "मग टँकर वळणार कुठे? इथेच!"

त्याने बडीशेपेच्या दारूचा पेला उचलला, पाणी न घालताच प्यायला. मी गाडी ढकलत घरी आले. सायकलींबद्दल चकार शब्द काढला नाही!

९ एप्रिल, शुक्रवार

खडी!!! सगळे हात वर! रोलांचा सर्वांत आधी!

२० मे, गुरुवार

रोलर फिरला. झुडपं गेली, पिवळसर खडी बसली, दोन्ही टोकांना लाकडी अडसर. आज अख्खी वाट चालून आले, बुटांखाली करकर करकर. कोकीळ ओरडत होता. मागे वळून बघायची गरज पडत नाही! हे रेमोंला सांगितलं तर म्हणाला, "हो का? छान." आणि बटाटे सोलत बसला.

१९ जून, शनिवार

उद्घाटन! तिरंगी फीत, बँड, बटाट्याची पॅटिस, वाइनची पिंपं. कुठून कुठून सायकलवाले आले, धुळीने माखलेले, खूश. ब्युसीचा मेयरसुद्धा आला आणि खडी हातात घेऊन म्हणाला, "आमच्यापेक्षा बारीक आहे." रोलांच्या डोळ्यांत पाणीच आलं!

भाषणात म्हणतो कसा, "मी पहिल्यापासून सांगत होतो — खडी!" मारीझ खोकल्याचं नाटक करत आत पळाली. बोलू दे त्याला. मग मला पुढे ओढून कात्री माझ्याच हातात दिली. सगळ्या गावाने माझं नाव घेतलं. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. छाती फुगून ब्लाउजचं बटण तुटायची वेळ आली.

रेमों सायकल घेऊन आला होता. अडसरापर्यंत गेला. उभा राहिला. लोक त्याच्या बाजूने जात होते, लहान मुली, आज्या, एक कुत्रं टोपलीत बसून. मी कात्री तशीच हातात धरून बघत होते.

तो परत आला. "गर्दी आहे," म्हणाला.

घरी येऊन पेले धुतले आणि मोरीवर ओणवी होऊन रडले. त्याच्यावर राग नाही. म्हणजे आहेच. खूप आहे.

२४ जून, गुरुवार

आज "ऊन".

२९ जून, मंगळवार

विचारणं सोडलं. मारीझचे दिवस मात्र फळफळलेत — ऑम्लेटला अंडी पुरत नाहीत तिला.

५ जुलै, सोमवार

चर्चची बाराची घंटा झाली, सशाचा रस्सा टेबलावर, आणि रेमों नाही! खोपीत सायकलही नाही. गावात माणूस मेला तरी बाराचं जेवण चुकत नाही. दारात जाऊन आले, परत गेले. साडेबाराला फोन — "जोझियान, मी ब्युसीच्याही पुढे आलोय! सगळी वाट संपवली. तू जेवून घे. येताना मोठ्या रस्त्याने येतो, डांबरावर भरभर येता येतं."

मोठ्या रस्त्याने! टँकरच्या! किंचाळणार होते. "बरं," म्हटलं.

आता पायरीवर बसून लिहितेय. टँकर गेला आत्ता. त्याच्या मागून वळणावर कोणीतरी —

तोच आहे. हात सोडून चालवतोय, गाढव!