शेजारच्या खुर्चीतला हात

२ फेब्रुवारी
बरेच महिने वहीला हात लावला नाही, चूक माझीच. पुण्याहून बिऱ्हाड हलवण्याचं निमित्त आहे, पण खरं म्हणजे कंटाळा केला.

कानडी मुलखातलं हे बनशंकरीचं घर हवेशीर आहे. डायलिसिस सेंटर चालत जाण्याइतकं जवळ. माझ्या डाव्या हातावरचा फिस्टुला, म्हणजे धमनी शिरेला जोडून केलेली सुईची जागा, पाहून तिथला तंत्रज्ञ नागराज ‘सूपर, अक्का!’ म्हणाला. रोज सकाळी बोटं टेकवून आतली थरथर बघायची. थांबली तर रक्त साकळलं समजून तसंच सेंटरला निघायचं. सध्या झोपलेल्या मांजरासारखी गुरगुरते आहे.

९ फेब्रुवारी
शेजारच्या खुर्चीत सकवारबाई. पिढ्यान्‌पिढ्या इथलंच मराठी घराणं. तिच्या फिस्टुल्यात गुठळी होऊन तो बंद पडला, आता मानेत नळी. स्वल्प, म्हणजे जरा, हात दे, थरथर बघते, म्हणाली. मी घुटमळले तर हसून म्हणाली, पुण्याची ना गं तू, विचार करूनच देशील. दिला. नाही म्हटलं असतं तर मी शिवाशिव पाळते असं वाटलं असतं.

१६ फेब्रुवारी
थरथर मंद. झोपेत हातावर भार पडला असेल, असं नागराज म्हणतो. मी खरंच तशी झोपते का? सकवारबाई दर वेळी हात मागते, मी देते. तिच्यावर संशय घेणं हलकेपणाचं आहे. बोटंच तर टेकवते. जरा जास्त वेळ टेकवते.

२० फेब्रुवारी
आज तिने माझी बोटं धरून स्वतःच्या मेलेल्या फिस्टुल्यावर ठेवली. थरथरत होता. नागराज हसला, साकळलेलं असं परत येत नसतं म्हणाला. मग स्टेथोस्कोप लावला आणि जागा बदलून पुन्हा ऐकलं. सरी का आता, म्हणजे ठीक ना, असं तिनेच त्याला विचारलं.

माझ्या यंत्राच्या नळीत काळ्या गुठळ्या.

२३ फेब्रुवारी
थांबली. बोटं टेकवली — काही नाही. सर्जनने गुठळी काढली. थरथर आली, गेली. उजव्या हाताच्या शिरा बारीक, तिथे जमणार नाही. मानेत नळी. सकवारबाईची निघाली. तिने वेळ बदलून घेतली. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

२७ फेब्रुवारी
तिच्या खुर्चीत अनुषा. विशीतली, नवीन. हात बघू का, मीच विचारलं. मोठ्या बाईला नाही कसं म्हणणार — तिने दिला.

केवढी थरथर! बोटं काढवेनात —

आत्ता माझ्या हातात काहीतरी. अगदी बारीक. भास असेल. नसला तर —

त्या मुलीला आई आहे. मी असं करणार नाही.

उद्या: नागराजला फोन करून अनुषाची आणि माझी वेळ कायमची एकच —