सात दिवस फुकट, खर्च शून्य

घरात आले: हिशेबाची वही, दोनशे पानी, एक, किंमत ६५. टपालाची तिकिटे चार, किंमत २०. मोठी पाकिटे दोन, किंमत ८. मोबाइलवर खेळाच्या कंपनीचे निरोपाचे पत्र, एक, फुकट. त्याच पत्राखाली नव्या खेळाची जाहिरात, तीही फुकट. फुकट आलेल्या वस्तूची किंमत काय पडते ते खाली येईलच.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, देवाला समोर ठेवून हे लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. काल रात्रीचा जमाखर्च मी तोंडी केला आणि तो पैशाला जुळला. कोणी मला भरीस घातलेले नाही. यजमान बाहेरच्या खोलीत बातम्या ऐकत आहेत, त्यांना वाटते मी वाणसामानाची यादी करते आहे.

मृत्युपत्र आताच का, तर कंपनीच्या पत्रात एक वाक्य आहे: "हे खाते व त्यातील कोणतीही वस्तू वारसास देता येणार नाही." ते वाचून मनात आले, की जे देता येते ते तरी मी कुठे दिले आहे?

कलम एक. घर. हे घर यजमान व माझे दीर या दोघा भावांचे आहे. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागच्या दोन त्यांच्या, मधला अरुंद बोळ, नळ आणि कपड्यांची दोरी सामाईक. एकाला दुसऱ्याच्या सहीवाचून विकता येत नाही, आणि सही मागायला बोलावे लागते. भाऊ भाऊ फाटकाशी उभे राहून हवापाण्याचे बोलतात. मी आणि माझी धाकटी जाऊ नऊ वर्षे बोललेलो नाही. नळ सकाळी सहा ते सात आमचा, सात ते आठ त्यांचा. दोरी विषम तारखेला आमची, सम तारखेला त्यांची. ही वाटणी मी केली. एकतीस तारखेनंतर लगेच एक तारीख येते, त्यामुळे आम्हाला वर्षाला सात दिवस जास्त मिळतात हे मला तेव्हाच ठाऊक होते. नऊ वर्षांचे त्रेसष्ट दिवस झाले. ते मी जावेला परत देते. उद्यापासून सलग त्रेसष्ट दिवस दोरी तिची.

कलम दोन. भांडणाचे कारण. मृत्युपत्रात हे लिहायचे नसते असे साक्षीला धरलेले औषधाच्या दुकानाचे मालक म्हणाले. पण मला मूलबाळ नाही, आणि जिला सर्व द्यायचे तिलाच मी चोर म्हटले आहे, तेव्हा लिहिल्याशिवाय पुढचे कलम उभे राहत नाही.

जावेची मुलगी भिंगरी. एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव मीच ठेवले. शाळेतून आली की दप्तर तिकडे आणि ती इकडे. तिनेच माझ्या फोनवर "हिरवे बांध" हा शेतीचा खेळ घालून दिला. "काकू, तुम्ही इतकं नीट घर चालवता, शेत तर डोळे मिटून कराल." रोज पाणी घालायचे, हजेरी लावायची. एक दिवस चुकला की हजेरी पुन्हा एकपासून. मला ते जपासारखेच वाटले.

पुढे काही महिन्यांनी मी बँकेच्या पुस्तकात पाहिले, तर दरमहा ९९ जात होते, सात महिने, त्या खेळाला. मी विचार केला नाही. पुस्तक हातात घेऊन बोळ ओलांडला आणि जावेच्या दाराशी उभी राहिले.

"तुझ्या पोरीने माझ्या फोनमधून पैसे उचललेत."

"ताई, ती असं करायची नाही."

"मग काय मी केलं? मी? अगं, मी काडेपेटीतल्या काड्या मोजते!"

भिंगरी आत जेवत होती. ताटावरून उठून आली. "काकू, मी नाही हो." तेवढेच म्हणाली. सोळा वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले. ६९३ टेबलावर मोजून ठेवले, सुट्ट्या नाण्यांसकट, आणि गेले. मी ते घेतले. वहीत लिहिले: जमा ६९३. त्या दिवसापासून मागचे दार माझ्यासाठी बंद झाले. भिंगरी पुढे शिकायला गेली ती तिकडेच नोकरीला लागली. घरी येते ती मागच्या गल्लीने.

यजमान म्हणाले, "चोरी धरलीस ती धरलीस. आता सोडायची कशी ते बघ."

कलम तीन. पुढचे पैसे कापणे बँकेत सांगून थांबवले, पण खेळ मी सोडला नाही. पैसे गेलेच आहेत तर वसूल तरी व्हावेत, असे म्हणून रोज पाणी घालत राहिले. रक्कम परत मिळाली होती हे मी या हिशेबात सोयीने धरले नाही. आज हजेरी ३५४१ दिवस आहे. ताप असताना लावली, सासूबाई गेल्या त्या दिवशीही लावली. आता थांबले तर इतके दिवस फुकट जातील, या एका विचाराने माणूस किती वर्षे जागच्या जागी बसते ते मला विचारा.

खेळात शेजारी कंपनी नेमून देते. खरी नावे दिसत नाहीत. माझी शेजारीण "दोनखोल्या". मी तिचे शेत शिंपायचे, तिने माझे. तिचे बोलणे मला आवडे. तीन वर्षांपूर्वी तिने लिहिले, "थांबा हं, वारा सुटलाय, दोरीवरचे कपडे काढून येते." मी फोन ठेवला, तर बोळात माझी जाऊ आली. तारीख सम होती. खात्री म्हणून मी तिला खेळातून भेटीची टोपली पाठवली, तर भिंतीपलीकडे घंटी वाजली.

मी सांगितले नाही. सांगितले असते तर हेही बंद झाले असते. दिवसभर भांडे आपटल्याच्या आवाजावरून एकमेकींचा राग ओळखायचा, आणि संध्याकाळी भिंतीला पाठ टेकून विचारायचे, "कांदा काढला का?"

कलम चार. आता खेळाचा दुसरा भाग येत आहे आणि पहिला या महिनाअखेर बंद होत आहे. नव्याची चित्रफीत आली तेव्हा खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या फळ्यावर एकच गोंधळ उडाला. एक म्हणाला, "गवताचं एकेक पातं हलतंय, बघितलंत का!" दुसरा म्हणाला, "गवत हलतंय, पण विहीर कुठंय?" चौकशी केली तर विहीर फक्त सुवर्ण आवृत्तीत, तिप्पट किमतीला. साधी घेणाऱ्याने विहीर वेगळी विकत घ्यायची. सुवर्णवाल्यांना शेत तीन दिवस आधी. "म्हणजे आम्ही तीन दिवस बांधावर बसून बघायचं?" बियाणे बंद पेटीत मिळणार, आत काय ते पैसे भरल्यावर कळणार. आणि पैसे आत्ता भरायचे, खेळ सहा महिन्यांनी. जुनी जनावरे नव्या शेतात येणार नाहीत. एकाने दिवसभर कंपनीला शिव्या घातल्या आणि दिवेलागणीला लिहिले, "मीपण नोंदवला. सवलत आज संपत होती."

मी आयुष्यात न पाहता भाजी घेतलेली नाही. पण त्याला हसायला मला तोंड नाही.

दोनखोल्या म्हणाली, "शेत विकायचं आणि पाणी वेगळं विकायचं, हे आमच्या घरासारखंच झालं." मग विचारले, "तुम्ही घेणार का दुसरा भाग?"

"नाही."

"मग मी कुणाच्या शेताला पाणी घालू?"

मी फोन पालथा ठेवला. भिंतीपलीकडेही फोन ठेवल्याचा आवाज आला.

कलम पाच, म्हणजे खरे कलम. निरोपाच्या पत्रात कंपनीने प्रत्येकाचा आरंभापासूनचा हिशेब दिला आहे. माझ्यापुढे लिहिले आहे: खताची मासिक योजना, पहिले सात दिवस मोफत, स्वीकारली, मंगळवार, तारखेसकट, सकाळी ११ वाजून १० मिनिटे. मी माळ्यावरून त्या वर्षाची वही काढली. त्या तारखेचे पान उघडले. माझ्याच अक्षरात दोन ओळी आहेत.

"भिंगरीचा गणिताचा पेपर, १० ते १. नवे पेन ५."

"खेळात खत मिळाले, सात दिवस फुकट. खर्च शून्य."

बटण मी दाबले होते. फुकट आहे म्हणून दाबले. आठव्या दिवसापासून पैसे कापले जातील हे खाली बारीक अक्षरात होते, आणि चष्मा देवापाशी होता. नऊ वर्षे वही घरात होती. मी पान उलटले नाही, कारण माझी चूक असेल असे माझ्या डोक्यातच आले नाही. देवापुढे रोज बसत होते तरीही.

कलम सहा. वाटणी. टपाल खात्यातली माझी सर्व बचत, चार बांगड्या, शिवणयंत्र व पुस्तकांचे कपाट भिंगरीला द्यावे. त्याआधी ६९३ वेगळे काढून भाऊजींना द्यावेत, सुट्ट्या नाण्यांसकट, तसेच टेबलावर मोजून. ते बक्षीस म्हणून लिहू नये. "परत" असे लिहावे. ती जुनी वहीही भिंगरीकडे जावी. पानाला मी खूण घातली आहे. बाकीच्या वह्या यजमानांना, रद्दीत विकल्यास भाव आधी दोन ठिकाणी विचारावा. हजेरीचे ३५४१ दिवस कोणालाच देता येत नाहीत. कंपनीचे म्हणणे बरोबर आहे.

साक्षीदार: औषधाच्या दुकानाचे मालक (सही). टपाल कचेरीतील तिकिटे देणाऱ्या बाई (सही). त्यांनी सर्व वाचले, चष्मा पुसला आणि पाकिटाचे वजन करून दिले.

ठिकाण: आमची आतली खोली, बोळाकडची भिंत. तारीख: चालू महिन्याची १७, विषम.

(मृत्युपत्र लिहिणारीची सही)

धाकटीस, या प्रतीसोबत: मेल्यावर उघडायचा कागद जिवंतपणी पाठवते आहे, कारण मेल्यावर तू काय म्हणालीस ते मला कळणार नाही. दार वाजवले असते, पण त्या दाराशी उभी राहून मी काय बोलले ते दोघींना पाठ आहे. खेळ तीस तारखेला बंद होतो. त्यानंतर मला तुझी विचारपूस करायला जागा नाही. "सावली" या नावाची तुझी शेजारीण ती मीच. भिंगरीला हे तू वाचून दाखवावेस की मी तिच्यासमोर उभी राहून सांगावे, ते तू ठरव. सोबत माझा पत्ता घातलेले पाकीट आहे, दोन तिकिटे लावलेली, ती वाया घालवू नकोस. पत्ता तोच, दार तेवढे पुढचे. हो असो वा नाही, उलट टपाली कळवावे.