गादीवरची गिऱ्हाइकं

३ जून

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. या खेपेला जरा जास्तच वाकून करतो आहे. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? तुझी लेक मजेत आहे. तिच्या शाळेचं शेवटी लिहितो.

परवा आमच्या गाद्यांच्या कारखान्यात कामगार खात्याचे साहेब तपासणीला आले. पुढे दुकान, मागे कारखाना, हे तुला ठाऊक आहेच. अशा प्रसंगासाठी मालकांनी नामी युक्ती काढून ठेवली होती. घंटा दोनदा वाजली की हजेरीपटावर नावं नसलेल्यांनी दुकानात पळायचं आणि गिऱ्हाईक बनून गाद्यांवर आडवं व्हायचं.

अशा पाच जणी होत्या. घंटा वाजली, पाची जणी आडव्या झाल्या. पण बारा-बारा तास गाद्या शिवणाऱ्यांना दिवसाढवळ्या गादीवर पाठ टेकायला मिळाल्यावर दुसरं काय होणार? साहेब आत येईपर्यंत पाची जणी घोरत होत्या.

"गिऱ्हाइकं फारच समाधानी दिसतात," साहेब म्हणाले.

"मालच तसा आहे, साहेब!" आमचे मालक.

साहेबांनी खुर्ची ओढली. "उठू देत सावकाश. मला घाई नाही."

मालकांना घाम फुटला, म्हणून मी मुकादमाच्या तत्परतेने पंखा वाढवला. त्या आणखीच गाढ झोपल्या.

शेवटच्या गादीवर सगळ्यांत लहान होती. केसांत कापूस, बोटाला शिवताना घालायची पत्र्याची टोपी. "ही कुणाची?" साहेबांनी विचारलं. मालकांनी माझ्याकडे पाहून डोळे वटारले. गिऱ्हाईक म्हटलं असतं तर माझी नोकरी वाचली असती.

"माझी भाची," मी म्हणालो. "तेरा वर्षांची आहे. इथेच शिवते."

तर ताई, शाळेचं हे असं आहे. शिकवायला म्हणून तू तिला माझ्या हवाली केलीस आणि मी तिचं नाव शाळेत घातलंच नाही. मालक म्हणाले, "चार महिने हात बसू दे, मग बघू." मी नंदीबैलासारखी मान डोलावली. पत्रांतून कळवलेला तिचा अभ्यास मी रचला. सहामाहीतला पहिला नंबरही मीच काढला. फार लाज वाटते गं.

कारखान्याला टाळं लागलं, मला नारळ मिळाला. उद्याच्या गाडीने तिला पाठवतो आहे, हे पत्र तिच्याच हाती. तोंड दाखवायचा धीर झाला की मीही येईन. शिव्या राखून ठेव.

एक सांगायचं राहिलं. दाराची घंटा दोनदा वाजली तर ती धावत जाऊन अंथरुणावर पडेल आणि डोळे मिटून घेईल. हसू नकोस. जवळ बस आणि सांग, बाळ, इथे खरंच झोपायचं असतं.

तुझा भाऊ,
अजून म्हणत असशील तर