आई नाचणार आहे

४ फेब्रुवारी

चि. साळुंकीस,
अ. उ. आ.

आधी बातमी, मग खुशाली. आमच्या विद्यापीठाचं नवं सभागृह तयार झालं आणि उद्घाटनाला मी नाचणार आहे! नृत्य विभागाच्या बैठकीत मी कोपऱ्यात बसून मुलींच्या परीक्षेचे गुण भरत होते, तेवढ्यात सगळ्यांनी एका सुरात माझं नाव घेतलं. मी म्हटलं, अहो, मी येत्या जूनमध्ये निवृत्त होणार, आणि माझे गुडघे तर माझ्याआधीच झालेत. त्यावर विभागप्रमुख म्हणाले की गुडघ्यांना आपण वेगळं निमंत्रण पाठवू. हशा पिकला आणि त्या हशात मी हो म्हणून बसले.

तालीम सुरू केलीय. तुझे बाबा रोज सकाळी जेवणाचं टेबल भिंतीला लावून देतात आणि तालमीला एकटे प्रेक्षक म्हणून बसतात. पेपर मात्र उलटा धरलेला असतो.

रेकॉर्डवर मी नाचणार नाही, हे मी ठणकावून सांगितलंय. गायला तूच हवीस. वीस तारीख. येतेस ना?

तुझ्या होकाराकडे कान लावून बसलेली,
आई


८ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी शिक्षकांच्या खोलीत अशी ओरडले की पियानोचे सर चहा सांडून बसले. तू नाचणार! इतक्या वर्षांनी, आणि मुलींना दाखवण्यापुरतं नव्हे, सगळं नृत्य!

पण आई, वीस तारखेलाच माझा प्रात्यक्षिक पाठ आहे. बाहेरून परीक्षक येणार, मी वर्गाला कसं गाणं शिकवते ते बघणार आणि मग मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार. तारीख बदलून मागायची तर आमच्या विभागप्रमुख बाईंकडे जावं लागेल. रागावल्या की त्यांचा आवाज इतका चढतो की मुलं त्यांना मागून 'तारसप्तक' म्हणतात. हिंमत गोळा करतेय.

रागावू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी साळुंकी


११ फेब्रुवारी

चि. साळुंकीस,
अ. उ. आ.

अजिबात यायचं नाही. नोकरी आधी, नाच नंतर. इथे एक छान गायिका मिळालीय, तिच्याबरोबर तालीमही सुरू झाली. तू मन लावून पाठ घे. मुलांकडे बघून शिकव, छताकडे नको. तुझी ती खोड मला माहीत आहे.

माझी काळजी करू नये, ही विनंती नसून आज्ञा आहे.
आई

ता. क. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी घुसडतो. गायिका वगैरे कोणी नाही. तुझी आई स्वतःच गुणगुणत नाचते आणि धाप लागली की खिडकी उघडायला जाते. मी सांगितलं म्हणून कळू देऊ नकोस, घरात राहायचंय मला. – बाबा


१५ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या छान गायिकेला माझ्यातर्फे नारळ दे. मी येतेय!

तारसप्तकांकडे गेले होते. सगळं ऐकून त्यांनी सांगितलं की तारीख बदलणार नाही. मी दारापर्यंत पोचले, तर मागून त्यांनी विचारलं की पाठ चार भिंतींतच घ्यायचा असा नियम मला कोणी सांगितला. नाचाला गाण्याची साथ कशी करायची, हा विषय आपण शिकवतो का? मग वर्गच तिकडे न्या, म्हणाल्या. परीक्षकांना त्या स्वतः आणतील. आई, मला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि पळूनही जावंसं वाटलं!

तर मी वर्ग, बस आणि परीक्षकांसकट दाखल होतेय. एकोणीसला तालीम. बाबांना सांग, सरळ पेपर वाचा.

आनंदानं वेडी झालेली,
साळुंकी


२२ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बस लगेच निघायची होती म्हणून तुला धड मिठीही मारता आली नाही. मी कायम झाले! कायम!

तू दिवे, फुलं, माणसं यांत अडकली होतीस तेव्हा विंगेमागे काय झालं ते ऐक. शेवटच्या कडव्यात तू एकदम थबकलीस ना, हात अर्धा वर ठेवून? तालमीत ते नव्हतंच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग वाटलं, तुला आयत्या वेळी काहीतरी सुचलंय. म्हणून मी 'ये' एवढा एकच शब्द धरून ठेवला, वेगवेगळ्या तऱ्हेनं आळवत राहिले, तुझ्या खांद्यावर नजर ठेवून. खांदा हलला तशी पुढची ओळ घेतली.

पडदा पडल्यावर तारसप्तकांनी मुलांना विचारलं की तुमच्या बाईंनी आत्ता काय केलं. मागची एक लाजरी मुलगी म्हणाली की बाईंनी वाट पाहिली. परीक्षक एकमेकांकडे बघून हसले. पाठ तिथेच संपला.

आणि ऐक, तारसप्तकांना तू हवी आहेस! आमची गाणारी मुलं खांबासारखी उभी राहतात. निवृत्तीनंतर तू येऊन त्यांना अंग मोकळं करायला, श्वास घ्यायला शिकवावंस असं त्यांचं म्हणणं आहे. हो म्हण ना!

लोभ आहेच, आता मुक्कामालाही ये.
साळुंकी


२६ फेब्रुवारी

चि. साळुंकीस,
अ. उ. आ.

मला काहीही सुचलं नव्हतं गं. गुडघा अडकला होता. पाय उचलेना. हात वर होता तो तोल सावरायला. समोर अख्खं सभागृह, आणि मला वाटलं, आता मी इथेच कोसळणार. तुझा 'ये' मात्र चालूच राहिला, कसलीच घाई नसल्यासारखा. तू पुढे गेली असतीस तर मी पडलेच असते. त्या आवाजावर अंग सैल सोडलं आणि पाय सुटला.

आमचे विभागप्रमुख सगळ्यांना सांगत सुटलेत की ती जागा म्हणजे आयुष्यभराची साधना. मी गंभीर चेहऱ्यानं मान डोलावते. गुडघ्याला पट्टा बांधलाय, डॉक्टरांची बोलणी खाल्ली, आणि इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

तुमच्या विभागप्रमुख बाईंना माझा होकार कळव. जुलैपासून येते. पण एक अट. खांबांच्या रांगेत पहिलं तू उभं राहायचंस, कारण गाताना तुझी डावी टाच अजून उचलली जाते. आणि वर्गात मला आई म्हणालीस, तर तुझ्याच विद्यार्थ्यांसमोर तुला दाराबाहेर उभी करीन.

आशीर्वाद घरचे, धाक वर्गातला.
तुझी,
बाई