एकत्र राहिल्याचा पुरावा

३ जानेवारी, विनिपेग
या वर्षी पर्मनंट रेसिडेन्सी. ठरलं म्हणजे ठरलं. वर्क परमिट एप्रिलअखेर संपतं, म्हणजे वेळच वेळ आहे. लग्न केलेलं नसलं तरी वर्षभर जोडप्यासारखं एका घरात राहिलं की जोडीदार म्हणून अर्ज करता येतो. लोर्नाच्या घरी मी राहायला आलो त्याला दीड वर्ष होऊन गेलं. म्हणजे अर्धं काम आपोआप झालेलंच आहे. लोर्ना म्हणाली, सुट्टी आहे, आत्ताच बसूया का? म्हटलं, घाई करणारे चुका करतात. वकील नको, एजंट नको. अन्सेल्मो किरोगा स्वतःचा अर्ज स्वतः भरेल. लाल फाइल आणली. उद्यापासून सुरुवात.

११ जानेवारी
खिडक्यांच्या कारखान्यात माणूस उभ्या उभ्या झिजतो. घरी येऊन फाइल उघडायचं त्राण नव्हतं. पण समोर टेबलावरच ठेवली आहे. दिसत राहते.

१९ जानेवारी
फोटोंचं काम. दोघांचे एकत्र फोटो लागतात. फोनमध्ये फोटोंना तोटा नाही. मी आणि तळ्यातला मासा, मी आणि माझ्या मित्राचा, एफ्राइनचा नवा ट्रक, मी टोपी घालून, मी टोपीशिवाय. लोर्ना तीन फोटोंत सापडली. एकात पाठमोरी, एकात नुसतं कोपर. तिसऱ्यात छान आली आहे, पण डोळे मिटलेत.
अधिकारी हुशार असणार. एवढे फोटो काढले कोणी, हा विचार तो करेलच. जोडीदार सतत कॅमेऱ्यामागे असणं हा उलट भक्कम पुरावा. लोर्नाला हे नीट समजावलं. ती म्हणाली, त्यांना अस्संच लिहून दे.

२ फेब्रुवारी
एका पत्त्यावरची बिलं लागतात. वीज, इंटरनेट, विमा, सगळं लोर्नाच्या नावावर. माझी बँकेची पत्रं अजून एफ्राइनकडे जातात. (एफ्राइन आमच्या गावचा, कोचाबाम्बाचाच. या देशात आलो तेव्हा त्याच्या तळघरात राहायचो.) लोर्नाने विचारलं, पत्ता का नाही बदललास? म्हटलं, असू दे, वेळप्रसंगी उपयोगी पडतो. ती म्हणाली, कसली वेळ? कसला प्रसंग? मला पटकन सुचलं ते बोललो : आग.
 ती भांडी घासायला गेली. भांडी घासून झालेली होती.

१२ फेब्रुवारी
ओळखीच्या लोकांची पत्रं लागतात. लोर्नाच्या आईकडे गेलो, मिसेस फेरकडे. सोबत साल्तेन्या नेल्या, आमच्याकडच्या त्या रसदार मटणाच्या करंज्या. मीच केल्या, असं सांगितलं. गरम तरी मीच केल्या होत्या. एक खाऊन म्हणाल्या, हा लोर्नाचा हात. मग म्हणाल्या, पत्र देईन, पण आधी सांग, माझ्या मुलीचा वाढदिवस कधी असतो?
म्हटलं, अहो, हे अधिकारी विचारेल, तुम्ही कशाला? म्हणाल्या, त्याच्या आधी मी. मी विचार करून म्हटलं, थंडीत. त्या म्हणाल्या, इथे निम्मं वर्ष थंडीच असते रे बाळा. गेल्या आठवड्यात झाला.
तरीच फ्रिजमध्ये केक होता. मला वाटलं तिने कामावरून आणला. चांगला होता.
पत्र बहुधा पुढच्या आठवड्यात मिळेल.

२० फेब्रुवारी
इंटरव्ह्यूची तयारी. एफ्राइन टाय लावून अधिकारी झाला. ती पलंगावर कुठल्या बाजूला झोपते? भिंतीकडे. नाश्त्याला काय खाते? मी उठतो तेव्हा तिचा झालेला असतो. बुधवारी संध्याकाळी कुठे जाते? ओव्हरटाइमला. एफ्राइन टाय सैल करत म्हणाला, दातांच्या दवाखान्यात दर बुधवारी ओव्हरटाइम? कोणाचे दात एवढे दुखतात लेका?
घरी येऊन सरळ विचारलं. लोर्ना म्हणाली, स्पॅनिश शिकायला जाते. उन्हाळ्यापासून. म्हटलं, मला सांगायचं नाही का? म्हणाली, सांगितलं की. स्पॅनिशमध्येच सांगितलं. तू म्हणालास, श्श, पेनल्टी आहे.
दर रविवारी ती माझ्या आईशी फोनवर बोलते म्हणे. मी ख्रिसमसला बोललो होतो. बरंच झालं. सासूसुनेचं सूत जमलेलं असणं अर्जाला चांगलं.

४ मार्च
पाय एका जागी ठरत नाहीत. कारखान्यात एक काच फोडली. जेवायला बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की बसावंसं.
नवा संकल्प : लोर्नाविषयी रोज एक नवी माहिती. आजची : तिला कोथिंबीर अजिबात सोसत नाही. मी इथे राहायला आल्यापासून ती सगळ्यात घालतोय. म्हटलं, बोलली का नाहीस? म्हणाली, तू इतक्या आनंदाने चिरत होतास.
उद्याची माहिती उद्या.

१५ मार्च
एफ्राइनने तोडगा काढला. लग्न करून टाक. आपणही मागे-पुढे बघणारे नाही. लोर्ना दारात बूट काढत होती, तिथेच मागणी घातली. म्हटलं, लोर्ना, आपण लग्न करू, कागद कमी लागतात.
ती इतकी हसली की एक बूट पायात ठेवूनच खाली बसली. मग हसणं थांबलं. म्हणाली, कागद कमी लागतात म्हणून? म्हटलं, प्रेमही आहेच. ती म्हणाली, हो, दुसऱ्या नंबरवर.
नाही म्हणालेली नाही. हे महत्त्वाचं.

२७ मार्च
मुख्य सही तिची लागते. पुढची तीन वर्षं माझा सगळा भार तिच्यावर, असं तिने सरकारला लिहून द्यायचं. पेन पुढे केलं. तिने घेतलं नाही. म्हणाली, एक सांग, तुला मी हवी आहे की हा देश? मी शांतपणे म्हटलं, दोन्ही. निवडायचं कशाला?
यापेक्षा अचूक उत्तर असू शकत नाही. तिने कोट घातला आणि फिरायला गेली. बाहेर वादळ होतं.

३ एप्रिल
लोर्ना कोचाबाम्बाला चालली आहे. माझ्या आईने बोलावलं म्हणून. मला सोडून! म्हटलं, मीही आलो असतो, पण अर्ज चालू असताना देश सोडू नये. ती म्हणाली, कुठला अर्ज, अन्सेल्मो?
विमानतळावर सहीचं विचारलं. म्हणाली, परत आल्यावर बघू. मला बघायचंय तू तिकडे कसा होतास. तुझी आई म्हणते, चांगला होतास.
चिन्हं चांगली आहेत. आई माझ्याच बाजूने बोलणार.

१८ एप्रिल
आज यायची होती. आली नाही. माझ्या बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे, तो करून येणार. व्हिडिओवर दिसली. अंगणात माझ्या मावश्यांबरोबर बटाटे सोलत बसलेली. सगळ्या एकदम बोलत होत्या आणि ती मध्येच काहीतरी बोलून त्यांना हसवत होती. मला कोणी हसवलं नाही. आई म्हणाली, तुझी खोली तिला दिली आहे, खिडकी मोठी आहे ना.

२५ एप्रिल
परमिटचे शेवटचे दिवस. आज निर्णायक बोलायचं, असं ठरवून फोन लावला. म्हटलं, लोर्ना, मी एकटा काय करू इथे? आपण दीड वर्ष एकत्र राहिलो ते काय उगाच?
 ती सावकाश, शब्द जुळवत, स्पॅनिशमध्ये म्हणाली, आपण एकत्र राहत नव्हतो. तू माझ्या घरी राहत होतास.
क्रियापदाचं रूप किंचित चुकलं होतं. मी दुरुस्त करून दिलं.
मागून आईचा आवाज आला : काही चुकलं नाही तिचं. बरोबर बोलली.

२९ एप्रिल
तिकीट काढलं. एकेरी. बाहेरच्या देशातूनही अर्ज करता येतो, असं एफ्राइन म्हणतो. तिकडे निवांतपणे करू. आई म्हणाली, ये, सोफ्यावर झोप.
संध्याकाळी लोर्नाचा मेसेज आला. मला वाटलं, सहीला होकार आलाच. लिहिलं होतं : येताना माझा करडा स्वेटर आणशील का? इथे रात्री गारठा असतो. नेहमीच्या जागी आहे.
सगळं घर पालथं घातलं. नेहमीची जागा कुठली ते तिला विचारायचं धाडस होत नाही.