पाडवा झाला की

गारखेडा, ४ ऑक्टोबर २०२५

ती. अंगददादास,
दिपालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसता हो-हो करतोस, म्हणून पत्र. डॉक्टरांनी पुन्हा बजावलंय. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मापासूनच तुझी एका जागी आवळलेली आहे. म्हणून हातांत रक्ताचा दाब भलताच आणि पायांत जेमतेम. जांघेतून बारीक नळी घालून आत फुगा फुगवायचा आणि तिथं जाळी बसवायची. छाती उघडायची नाही. सोळा तारीख ठरवली आहे. तोवर पळापळ बंद! जिवाशी खेळू नकोस, दादा. वहिनींना नमस्कार, संस्कृतीला पापा.

तुझीच,
दिपाली

वेरूळ, १० ऑक्टोबर २०२५

चि. दिपालीस,
अ. आ.

पत्र पोचलं. तुझी वहिनी म्हणते, वन्सं शहरात जाऊन पार मास्तरीण झाल्या. अगं, छाती उघडायची नाही म्हणजे दुखणं ते केवढं? पाडवा झाला की येतो. पाडव्याला मेंढरं उधळायची तर घरच्या थोरल्यानंच पुढं पळायचं असतं. आबा गेल्यापासून तो मान माझा. मी नाय पळालो तर मेंढरं कुणामागं येतील? तू भाऊबीजेला ये आणि मला संगंच घेऊन जा. संस्कृती विचारते, फुगा कोणत्या रंगाचा असतो. लई काळजी करू नको. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
दादा

गारखेडा, १८ डिसेंबर २०२५

ती. सरूवहिनीस,
सा. न.

फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला बोलवत नाही. पाडव्याला मेंढरांपुढं पळताना दादा कोसळला, ते तुमच्या डोळ्यांपुढून हलत नसणार. मी भाऊबीजेचं ताट घेऊन आले ती मातीलाच. मानापायी गेला, याचा मला अजून राग येतो, वहिनी.

डॉक्टरांनी सांगितल्यावरून संस्कृतीला तपासलं आणि तिलाही तेच निघालं, तेव्हा तुम्ही कुणाला विचारत बसला नाहीत. मेंढरांपाशी दुसरं कुणी नाही म्हणून लेक माझ्या हवाली केलीत. काल तिचं सगळं नीट पार पडलं. जांघेपाशी एवढीशी पट्टी आहे. आज उठून बसली, वरणभात खाल्ला, वर आणखी मागितला. आठवडाभरानं घेऊन येते.

जेवून झाल्यावर पट्टीकडं बघत तिनं मला विचारलं, पप्पांचंही एवढंच करायचं होतं का. मी हो म्हटलं. मला खोटं बोलवलं नाही, वहिनी.

माया असू द्या.

तुमची,
दिपाली