शेपटी पानाबाहेर

३ फेब्रुवारी, डिचोली
लागली नोकरी! पेडण्यात स्कूटरी भाड्याने देऊन कंटाळलो होतो. इथे औषधांच्या कंपनीत, पंख्याखाली बसून जुन्या वहीतल्या रसायनांच्या आकृत्या कॉम्प्युटरवर काढायच्या. षटकोन, त्याला चार रेघा, झालं. बारावी नापासाला आणखी काय हवं? शिकवणारी सिद्धी, जवळच्या सर्वण गावची. म्हणाली, भरीव पाचर म्हणजे आपल्याकडे येणारी रेघ, तुटक म्हणजे मागे जाणारी. लक्ष दी रे पिशा! मी खिडकीबाहेरचा खंड्या बघत होतो. खोली सुमंगलाबाईंकडे मिळाली. फणसाखाली पाट्यावर चटणी वाटतात, वास थेट खाटेपर्यंत.

७ फेब्रुवारी
अठ्ठेचाळीस आकृत्या! एकीची शेपटी पानाबाहेर जात होती, म्हणून आरशातल्यासारखी उलटवली. एक बटण. सुबक बसली. गोकुळदासबाब, म्हणजे आमचे साहेब, खूश. सिद्धी रजेवर.

८ फेब्रुवारी
दुकानांच्या पाट्या उलट्या. सगळी अक्षरं आरशातली. सुमंगलाबाईंची चमकी कालपर्यंत डाव्या नाकपुडीत होती, आज उजव्या. पुदिन्याच्या चटणीला शहाजिऱ्याचा वास. बाई म्हणाल्या, ऊन लागलंय तुला, टोपी घाल.

१५ फेब्रुवारी
सहा सहा पाव खातो. भूक तशीच. पॅंट दोरीने बांधली.
सिद्धीला ही वही दाखवली. सातपर्यंतची पानं तिला वाचता येतात, मला नाही. पुढची मला येतात, तिला नाही. आधी म्हणाली, कसली नाटकं रे ही? मग माझ्या छातीवर हात ठेवला. काळीज उजवीकडे, म्हणाली. मला तर डावीकडेच लागतंय. ती म्हणाली, जग सरळच आहे, तूच उलटलास.
आकृतीचं सांगितलं तशी ती पांढरी पडली. म्हणे रसायनंही डावी-उजवी असतात, चपलांसारखी. माझ्या पोटाला आता सगळं अन्न दुसऱ्या पायाचं, अंगीच लागत नाही. आकृती सरळ केली तर कदाचित मीही—

१७ फेब्रुवारी
आकृती सापडली. फाइलीला कुलूप. मंजूर झालीय. गोकुळदासबाबांचे पाय धरले. ते म्हणाले, दोन्ही सारख्याच तर दिसतात, तुझीच जास्त सुबक! कुलूप उघडायला वरून होकार यावा लागतो. महिना लागेल.
महिना.

१९
सिद्धीने नव्या फाइलीत सरळ काढून पाहिली. काही नाही. कुलपातलीच हवी—
दवाखान्यात ग्लुकोज लावलं. फुकट गेलं. रक्त तपासणारा म्हणाला, मशीन बिघडलंय.

२१
उठवत नाही. सिद्धी फोनवर साहेबांवर ओरडतेय, तो मरतोय हो बाब, एक बटण फक्त— पलीकडून काय म्हणाले कोण जाणे. फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी.

२२
बाई पेज भरवतात. पाचवा वाडगा. पोट तुडुंब. म्हणतात, आता बरं वाटेल हां बाबा. मी मान हलवतो. त्यांना कसं सांगू— एवढ्या मायेने— आत काहीच पोच